महागडी परदेशी सॅक लोकलमध्ये आणि सह्याद्रीत किती टिकेल?

तुमचा प्रश्न मी समजून घेतला तो असा. तुम्ही डोंबिवलीहून दादरपर्यंत रोज लोकलने जाता, पाठीवर लॅपटॉप, डबा आणि पाण्याची बाटली असते, आणि जून ते सप्टेंबरमध्ये महिन्यातून दोनदा ट्रेकला जाता. सध्याची तीन हजारांची सॅक अडीच वर्षांत थकली असून तिची चेन रनरच्या, म्हणजे चेन उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या कडीच्या, मागे उघडी पडते. अमेरिकेतील अनेक जाणकार गोरक कंपनीच्या जीआर१ या सॅकची शिफारस करतात, ती पंधरा वर्षे टिकते असे सांगतात, आणि ती मागवण्यासाठी तीनशे डॉलरांहून जास्त किंमत, शिवाय पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क भरावे की नाही, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी गेली बावीस वर्षे पुण्यात बॅगा शिवते आणि दुरुस्त करते. माझ्या टेबलावर सॅक येते ती बिघडल्यावर, त्यामुळे ती कोणत्या जागी दगा देते हे मला जवळून पाहायला मिळते. तुमच्या प्रश्नातील ‘कोणती सॅक सर्वांत टिकाऊ’ हा भाग मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. खरा प्रश्न असा आहे की, तुमच्या वापरात सॅकचा कोणता भाग सर्वांत आधी निकामी होईल, आणि तो झाल्यावर डोंबिवलीत किंवा दादरला कोणी तो नीट करून देऊ शकेल का. या दोन गोष्टी ठरल्या की कंपनीचे नाव ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही रोज किती किलो वजन वाहता, सॅक लोकलमध्ये छातीशी धरता की वरच्या रॅकवर टाकता, घरी ती उघड्या खुंटीवर राहते की बंद कपाटात, आणि तुमच्या पाठीची लांबी किती आहे, या चार गोष्टींवर माझे उत्तर बरेच बदलू शकते. तरीही मुंबई परिसर आणि सह्याद्री म्हटल्यावर एक गोष्ट जवळपास निश्चितपणे सांगता येते, ती म्हणजे इथल्या दमट हवेचा परिणाम.

ज्यांच्या शिफारशी तुम्ही वाचल्या, त्यांच्यापैकी बरेच जण कोरड्या प्रदेशात राहणारे असू शकतात. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वर्षभराचा पाऊस आणि बर्फाचे पाणी मिळून चारशे मिलिमीटरांच्या आत असते. मुंबईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरला तो पाच हजारांच्याही पुढे जातो. पाऊस थांबल्यावरही हवेतील ओल आठवडेच्या आठवडे जात नाही. याचा परिणाम सॅकच्या कापडावर फारसा होत नाही, कारण नायलॉन आणि पॉलिस्टर ओलाव्याने कुजत नाहीत. परिणाम होतो तो कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवण्यासाठी दिलेल्या लेपावर. बहुतेक सॅकमध्ये हा लेप पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील बाष्पामुळे या लेपातील रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात, आणि उष्णता व दमटपणा एकत्र आले की हा वेग वाढतो. याला जलविघटन म्हणतात. सुरुवातीला लेप हाताला चिकट लागतो, मग त्याला आंबूस वास येऊ लागतो, आणि शेवटी तो पांढुरक्या पापुद्र्यांसारखा सुटून लॅपटॉपवर आणि कपड्यांवर पडतो. कपाटात तीन-चार वर्षे जपून ठेवलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ पहिल्याच चढावर भुगा होऊन सुटतो, हे तुम्ही कोणाच्या तरी बाबतीत पाहिले असेल. बहुतेक वेळा तिथेही हेच घडलेले असते.

एका गृहस्थांनी माझ्याकडे सात वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली सॅक आणली होती. बाहेरून ती नवीन वाटावी अशी होती, एकही टाका उसवलेला नव्हता, आणि चेन लोण्यासारखी फिरत होती. आत हात घातला तेव्हा सगळा हात चिकट झाला. ते दोन वर्षे कामासाठी बाहेर होते, आणि सॅक घराच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली होती. जपण्यासाठी जे केले, त्यानेच ओल आत कोंडून धरली. मी त्यांना खरे तेच सांगितले की, गेलेला लेप मला नव्याने देता येत नाही; शक्य होते ते एवढेच की उरलेला लेप खरवडून आत वेगळे अस्तर शिवायचे. ते काम मी केले आणि ती सॅक आजही वापरात आहे, पण पाणी अडवण्याचा तिचा गुण मात्र संपला.

म्हणून लेपाबद्दल विक्रेत्याला नक्की विचारा. पॉलियुरेथेनमध्येही पॉलिस्टर जातीचा लेप लवकर तुटतो आणि पॉलिईथर जातीचा बराच अधिक तग धरतो. सिलिकॉनचा लेप अशा प्रकारे तुटत नाही, पण तो मुख्यतः हलक्या, पातळ कापडांवर आढळतो आणि त्यावर शिवणीची भोके झाकणारी शिवणपट्टी चिकटवणे अवघड जाते. दुकानदाराला हे माहीत नसण्याची शक्यता मोठी आहे. कंपनीला विचारल्यास उत्तर मिळते. आणि उत्तर मिळालेच नाही, तर लेप पाच-सात वर्षांत जाणार असे गृहीत धरून, वेगळे अस्तर असलेली सॅक घ्यावी. अस्तर असले की लेपाचे पापुद्रे निदान सामानावर पडत नाहीत.

आता कापडाकडे येते, कारण सगळ्या चर्चा तिथेच घुटमळतात. जीआर१ ही १००० डेनियर कॉर्ड्युरा कापडाची आहे, हे तुम्ही ठळकपणे लिहिले आहे. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. हे धाग्याच्या जाडीचे माप आहे, ताकदीचे नव्हे. १६८० डेनियर असे लिहिलेली स्वस्त पॉलिस्टरची सॅक आणि १०५० डेनियरचे बॅलिस्टिक नायलॉन, म्हणजे घट्ट विणीचे मजबूत नायलॉन, शेजारी ठेवले, तर आकडा मोठा असूनही पहिली सॅक आधी झिजेल, कारण धाग्याची जात, पीळ आणि वीण हे सगळे त्या आकड्याच्या बाहेर राहते. कॉर्ड्युरा हेही एका ठरावीक कापडाचे नाव नाही. ड्यू पाँट कंपनीने १९२९ मध्ये हे नाव रेयॉनच्या एका धाग्याला दिले, पुढे ते नायलॉनच्या कापडांना लागले, आणि आज त्या नावाखाली हलकी, जड, गुळगुळीत, खरखरीत अशी अनेक कापडे मिळतात. तुम्हाला आवडलेल्या सॅकचे कापड उत्तमच आहे, यात शंका नाही. मात्र १००० डेनियरचा पृष्ठभाग खरखरीत असतो. लोकलच्या गर्दीत सॅक छातीशी धरून तासभर उभे राहिलात तर सुती शर्टावर काही महिन्यांत गोळे येतील, आणि पाठीवर घेतलीत तर कमरेजवळ तेच होईल. ऑफिसच्या कपड्यांचा विचार करणाऱ्या माणसासाठी ही किरकोळ बाब नाही. माझ्या मते ५०० डेनियरचे चांगले नायलॉन, तळाला दुहेरी कापड घातलेले, तुमच्या वापरास पुरून उरेल. कारवीच्या झुडपांतून आणि बसाल्टच्या खडकांवरून घासत गेलेल्या सॅकही माझ्याकडे येतात, आणि त्यांतही मधले कापड फाटलेले क्वचितच दिसते. झिजतात ते तळाचे कोपरे.

माझ्या टेबलावर सर्वाधिक येतो तो खांद्याच्या पट्ट्याच्या मुळाशी उसवलेला जोड. त्यामागोमाग चेन आणि रनर, मग लेप, मग तुटलेले बक्कल, आणि कापड अगदी शेवटी. त्यामुळे खरेदी करताना तुमचे लक्षही याच क्रमाने जावे असे मला वाटते.

पट्ट्याच्या मुळाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण सॅकचे आयुष्य तिथेच ठरते. तुम्ही सॅक एका खांद्यावर अडकवता, किंवा गर्दीत उतरताना कोणाच्या तरी हातात तुमचा पट्टा अडकतो, तेव्हा सात-आठ किलोंचे वजन झटक्याने एकाच जोडावर येते. स्वस्त सॅकमध्ये पट्ट्याचे टोक पाठीच्या वरच्या शिवणीत नुसते दाबून वरून एक-दोन टीप मारलेल्या असतात. असा जोड उसवतो तेव्हा टाका तुटत नाही, तर सुईच्या भोकांची रांग कापडालाच फाडत जाते, आणि मग दुरुस्ती करण्यासाठी धड कापडच उरत नाही. चांगल्या सॅकमध्ये पट्टा शिवणीच्या आत निदान दोन-तीन सेंटिमीटर गेलेला असतो, त्यावर वेगळ्या कापडाची ठिगळपट्टी असते, आणि चौकोनात फुली अशी शिवण किंवा दाट बारटॅक, म्हणजे एकाच जागी पुढे-मागे मारलेल्या टाक्यांची जाड पट्टी, मारलेला असतो. दुकानात सॅक उलटी करून, आत हात घालून ही जागा बोटांनी चाचपावी. पाठीमागची गादी मध्ये आल्यामुळे ती जागा दिसत नसेल, तर दोन्ही पट्टे धरून जोरात खेचावे आणि शिवणीतून टाक्यांमध्ये फट दिसते का ते पाहावे. फट दिसली तर ती सॅक कितीही नावाजलेली असो, परत ठेवावी. वर उचलण्याचा लहान हातपट्टाही असाच तपासावा, कारण लोकलच्या रॅकवरून तुम्ही सॅक त्यानेच ओढणार आहात.

चेनच्या बाबतीत आकडा कामाचा असतो. पाच, आठ, दहा हे आकडे साधारणपणे बंद चेनच्या दात्यांच्या रुंदीचे, मिलिमीटरमधले माप दाखवतात. मुख्य कप्प्याला आठ किंवा दहा नंबरची कॉइल चेन, म्हणजे वेटोळ्या धाग्याचे दाते असलेली चेन, असावी, लहान कप्प्याला पाच चालते. तीन नंबरची चेन सॅकच्या बाहेरच्या बाजूला मी कधीच लावत नाही. वायकेके हे जपानी नाव १९३४ पासूनच्या कारखान्याचे आहे आणि त्याची कीर्ती रास्त आहे, परंतु रनरच्या लोंबत्या खेचपट्टीवरील नावावर विसंबू नका. खेचपट्टी कोणीही बदलू शकतो. नाव रनरच्या मूळ धातूवर उठवलेले असावे. चेन कोपऱ्यावरून एका हाताने फिरवून पाहा. अडखळली तर वळण फार तीव्र ठेवले आहे असे समजा, आणि रोज दहा वेळा तिथेच ओढ बसून रनर लवकर पसरेल. वरून चकचकीत लेप दिलेल्या पाणीरोधक चेना दिसायला छान असतात, पण त्या पाण्याचा मारा थोडा परतवतात इतकेच. त्यांच्या भरवशावर लॅपटॉप भिजू देऊ नका. शिवाय त्या घट्ट चालतात, त्यामुळे आपण त्यांना अधिक जोराने ओढतो.

धागा जाड बाँडेड, म्हणजे पेड सुटू नयेत म्हणून लेप दिलेल्या, नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असावा, आतल्या शिवणींच्या कडा पट्टीने बांधलेल्या असाव्यात, आणि बक्कल असे असावे की ते तुटले तर शिवण न उसवता नवे अडकवता येईल. या तीन गोष्टी पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

थोडक्यात, इथवरचा मुद्दा असा: कापडाच्या आकड्यापेक्षा पट्ट्याचे मूळ, चेन आणि लेप महत्त्वाचे, आणि आपल्या हवेत लेप सर्वांत दुबळा. आता जीआर१ विषयी थेट बोलते. ती २००८ साली अमेरिकी सैन्याच्या विशेष दलात काम केलेल्या माणसाने सुरू केलेल्या कंपनीची सॅक आहे, आणि तिची बांधणी मी वर सांगितलेल्या बहुतेक कसोट्यांवर उतरते. पट्ट्यांचे जोड भक्कम आहेत, चेना मोठ्या आहेत, आणि शिवणकामातील दोष आयुष्यभर दुरुस्त करून देण्याचे वचन कंपनी देते. तरीही तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही, आणि त्याची कारणे तिच्या दर्जात नाहीत. ती रिकामीच दीड किलोपेक्षा जास्त भरते. तिला बाहेर बाटलीचे कप्पे नाहीत, म्हणजे पाण्याची बाटली आत, बाकीच्या सामानाबरोबर मुख्य कप्प्यातच जाईल. कमरपट्टा तिच्यासोबत येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. ऑफिसला कमरपट्ट्याची गरज नाही, पण रात्रीच्या मुक्कामाचे सामान घेऊन हरिश्चंद्रगड चढताना दहा-बारा किलो वजन नुसत्या खांद्यांवर तोलणे शरीराला चांगले नाही. थोडक्यात, तिची बांधणी तुमच्या दोन्ही कामांच्या मधोमध पडते.

माझा स्पष्ट सल्ला दोन वेगळ्या सॅक घेण्याचा आहे. एकच सॅक रोज लोकलमध्ये आणि पावसात डोंगरावर वापरली, की तिला कोरडे व्हायला वेळच मिळत नाही. रविवारी रात्री चिंब होऊन आलेली सॅक सोमवारी सकाळी तुम्ही पुन्हा भरता, आणि गादीच्या फोममधील ओल पाठीच्या उबेने आठवडाभर तशीच राहते. घामातील क्षार रनरचा धातू खातात, आणि लेपासाठी ही सर्वांत वाईट अवस्था असते. दोन सॅक आलटून पालटून वापरल्या तर दोघींचेही आयुष्य वाढते. ऑफिससाठी वीस-बावीस लिटरची, गुळगुळीत नायलॉनची, लॅपटॉपचा कप्पा तळापासून थोडा वर लटकलेला असलेली साधी सॅक पुरे. तो कप्पा तळाला टेकलेला असेल तर सॅक जमिनीवर ठेवताना प्रत्येक वेळी लॅपटॉपच्या कडेवर आघात होतो. ट्रेकसाठी चाळीस लिटरच्या आसपासची, कमरपट्टा आणि पाठीची चौकट असलेली सॅक घ्यावी. ती घेताना पाठीची लांबी मोजून घ्या: मान पुढे झुकवल्यावर हाताला लागणाऱ्या मोठ्या मणक्यापासून, कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेला हात ठेवल्यावर अंगठे जिथे येतात त्या रेषेपर्यंत. दुकानात सात-आठ किलो वजन भरून निदान पंधरा मिनिटे चालल्याशिवाय पैसे देऊ नका. दूरच्या माणसाची शिफारस इथे काहीच कामाची नाही, कारण त्याची पाठ तुमची नाही. या दोन्ही मिळून तुमच्या ठरलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आसपास बसाव्यात, आणि उरलेले पैसे पुढील दुरुस्त्यांना अनेक वर्षे पुरतील. कारागिराकडून सॅक शिवून घेण्याचा मार्गही आहे. मी स्वतः तेच काम करते, तेव्हा माझे हे मत तुम्ही त्या जाणिवेने तोलावे.

आयुष्यभराच्या हमीबद्दल तुम्ही विचारले आहे. हमी ही कंपनीच्या धोरणाइतकीच टिकते. एल. एल. बीन ही अमेरिकेतील जुनी कंपनी कितीही वर्षांनी माल परत घेण्यासाठी प्रसिद्ध होती. २०१८ मध्ये तिने ती मुदत एक वर्षावर आणली. गोरक तसे करील असे मी म्हणत नाही. पण उसवलेला पट्टा दुरुस्त करण्यासाठी सॅक समुद्रापार पाठवणे, तिचे भाडे, परत येताना सीमाशुल्काची कागदपत्रे आणि मधले काही आठवडे, हे सगळे धरले तर दादरच्या एखाद्या चांगल्या कारागिराचे एका दिवसाचे काम तुम्हाला अधिक उपयोगी पडेल. दुसरे असे की, बहुतेक हमी शिवणीतील आणि मालातील दोषांना असतात, आणि वर्षांच्या दमटपणाने सुटलेला लेप अनेक कंपन्या नैसर्गिक झीज मानतात. हमीपत्रातील हे वाक्य शोधून वाचा.

सॅक कोणतीही घ्या, पावसाळ्यात ती बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवू नका. सगळ्या चेना उघड्या ठेवून, हवा खेळेल अशा जागी खुंटीला टांगा. धुवायची असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरून हाताने धुवा, उलटी करून सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनच्या फेऱ्यांनी लेप आणि फोम दोन्ही सुटतात. ट्रेकला पावसाचे आवरण असले तरी आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सामान भरा, कारण कड्यावरच्या वाऱ्यात आवरण फुग्यासारखे फुगते आणि पाठीवरून ओघळलेले पाणी ते अडवतही नाही. चेनीतील माती जुन्या टूथब्रशने काढली की रनरचे आयुष्य बरेच वाढते.

आणि तुमच्या सध्याच्या सॅकबद्दल. चेन रनरच्या मागे उघडी पडते, पण दाते कुठे तुटलेले किंवा वाकडे नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. तसे असेल तर चेन चांगली आहे आणि फक्त रनरचे ओठ पसरले आहेत. पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाशी अगदी हलक्या हाताने दाबल्या तर तो काही आठवडे चालेल. जोर जास्त झाला तर तो तडकतो, म्हणून थोडे दाबून, फिरवून पाहून, पुन्हा दाबावे. कायमचा उपाय नवा रनर बसवणे हाच आहे, आणि त्यासाठी सगळी चेन बदलू देऊ नका. जुन्या रनरच्या मागच्या बाजूला पाच किंवा आठ असा आकडा असेल, त्याच मापाचा आणि कॉइल चेनीचाच रनर मागा. कारागीर चेनीच्या टोकाचे चार टाके उसवून तो आत घालील आणि टाके पुन्हा मारील. काम अर्ध्या तासाचे आहे. हे करून घेताना त्याला पट्ट्यांची मुळेही तपासायला सांगा, आणि तिथे एकही टाका सुटलेला असेल तर त्याच बैठकीत दुहेरी शिवण मारून घ्या. पावसाळा संपेपर्यंत ही सॅक ट्रेकला वापरता येईल, आणि ऑफिसची नवी सॅक कोरड्या दिवसांत निवांत शोधता येईल.